विजेची तार आणि कानातली फिरकी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाचा वर्धापनदिन. या दिवशी आपल्यातली कोणीतरी एक भगिनी स्वतःला माहीत असलेल्या चार उपयोगी गोष्टी सांगते, असा आपला रिवाज आहे. या वर्षी चिटणीसबाईंनी माझे नाव घेतले तेव्हा मी सरळ हात जोडले. मी सातवी शिकलेली बाई. ज्या अमळनेरात साने गुरुजींनी मुलांना शिकवले, ज्या गावात १९१६ सालापासून तत्त्वज्ञान मंदिर उभे आहे, त्या गावात सभेपुढे उभे राहून मी काय बोलणार? पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही गल्लीत घरोघर जे सांगत फिरता, तेच इथे सांगा." म्हणून उभी राहिले आहे. विषय आहे विजेची तार खटक्याला, प्लगला, सॉकेटला नीट कशी जोडावी हा. हा पुरुषांचा विषय आहे असे कोणाला वाटेल. मलाही तसेच वाटत होते. तसे का राहिले नाही, ते आधी सांगते.

तीन वर्षांपूर्वीची आखाजी. आखाजी म्हणजे आपल्या खानदेशात लेकींचा सण. माझी नणंद आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी आली होती. ऊन तर आपल्याकडचे तुम्हाला ठाऊकच आहे, पारा पंचेचाळीसाच्या घरात. दिवसभर पत्र्याचा कूलर चालू. त्या कूलरचा तीन पिनांचा प्लग आदल्या महिन्यात तपकिरी पडून जळाल्यासारखा झाला होता. घरातली माणसे कामाच्या गडबडीत, वायरमनला बोलवायचे तर दोन दिवस वाट पाहायची. मी म्हटले, एवढ्याशा कामाला कोण हवे? दुकानातून दोन पिनांचा प्लग आणला. जळालेले टोक कापले, आतल्या तारा सुरीने सोलल्या. लाल आणि काळी तार दोन स्क्रूंखाली अडकवली. तिसरी हिरवी तार उरली. दोन पिनांच्या प्लगमध्ये तिला जागाच नव्हती. तसेही आमच्या बोर्डावरचे वरचे मोठे भोक दिवाळीच्या रंगात बुजून गेले होते. कूलर तर दोन तारांवर चालला! मग ही तिसरी कशाला, असा विचार करून मी ती हिरवी तार मुळातून कापली. ह्याच हातांनी कापली.

आखाजीच्या दिवशी दुपारी पोरी झोक्यावरून खेळून आल्या. हातपाय धुतले आणि ओल्या पायांनी भाची कूलरसमोर गार वाऱ्याला उभी राहिली. तिने कूलरच्या पत्र्यावर हात टेकला मात्र, आणि हात सुटेचना. तोंडातून शब्द फुटेना. सासूबाई ओरडल्या, "काय व्हयनं व माय?" मी तिला ओढायला धावले. तेवढ्यात भाऊजी दारातून ओरडले, "वहिनी, हात लावू नका!" आणि त्यांनी धावत जाऊन मेन स्विच खाली पाडला. पोर खाली कोसळली. भाऊजींना अर्धा मिनिट उशीर झाला असता तर आज मी तुमच्यापुढे उभी राहिले नसते. कोणत्या तोंडाने उभी राहणार होते?

मुलगी वाचली. तळहातावर भाजल्याचा डाग राहिला, दोन रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या. प्लग कोणी बसवला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होते. मला कोणी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर बरे वाटले असते. नणंद मुलीला घेऊन सासरी गेली. पुढच्या आखाजीला ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतले एक म्हातारे वायरमन आले. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी कूलर उघडला. आतल्या पंपाची तार पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली होती, त्यामुळे सगळ्या पत्र्यात वीज उतरली होती. मग त्यांनी मी बसवलेला प्लग ओट्यावर वर्तमानपत्र पसरून उघडला आणि म्हणाले, "ताई, दोष पंपाचा. पण जीव घेणार होता तो हा प्लग. हिरवी तार जागेवर असती तर वीज पत्र्यात उतरताक्षणी तिच्यातून जमिनीत गेली असती, फ्यूज उडाला असता आणि पोरीच्या हाताला काही लागले नसते." मी पदर डोळ्याला लावला. ते म्हणाले, "रडू नका. शिका." आणि मी शिकले. त्यांच्याकडून जे शिकले, त्यात नंतर वाचून आणि विचारून जी भर घातली, तीच आज तुम्हाला सांगते आहे.

आता एक प्रश्न विचारते. आपल्यापैकी किती जणींनी आज सभेला येताना कानातल्याची फिरकी बोटाने चाचपून पाहिली? पाहा, सगळ्याच हसता आहात. फिरकी सैल झाली तर सोने जाते, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. विजेच्या तारेला जिथे स्क्रूखाली पकडतात, त्या पितळी जागेला टर्मिनल म्हणतात. तीही एक फिरकीच आहे. ती सैल झाली तर घर जाते, माणूस जाते. पण ती झाकणाआड असते, म्हणून तिला कोणी चाचपून पाहत नाही.

सैल फिरकीने होते काय? वीज वाहताना जिथे तिला अडथळा होतो तिथे उष्णता निर्माण होते. तार स्क्रूखाली घट्ट दाबलेली असेल तर अडथळा नसल्यासारखाच. सैल असेल तर तार आणि पितळ यांची गाठ दोन-चार ठिपक्यांतच पडते. तिथे गरम होते. गरम झाले की धातू फुगतो, बंद केले की आकसतो, आणि रोजच्या या फुगण्या-आकसण्याने स्क्रू आणखी सैल होतो. तांब्यावर काळी पुटे चढतात, त्याने अडथळा आणखी वाढतो. नानांनी मला एक हिशेब करून दाखवला. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ पावणेनऊ अँपिअर वीज घेतो. त्याच्या प्लगमध्ये सैल जोडामुळे नुसता अर्धा ओहम अडथळा आला, तर त्या शेंगदाण्याएवढ्या जागेत सुमारे ३८ वॅटची उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणारा कथील वितळवतो ते लोखंड साधारण २५ ते ३५ वॅटचे असते. म्हणजे आपल्या भिंतीत, प्लास्टिकच्या डबीत, तसे एक तापलेले लोखंड तासन्‌तास ठेवल्यासारखे झाले.

यातली सर्वांत वाईट गोष्ट पुढेच आहे. फ्यूज किंवा हल्लीचा एमसीबी हा जास्त वीज वाहिली तरच तुटतो. सैल जोडाने वीज जास्त वाहत नाही, उलट किंचित कमीच वाहते. त्यामुळे डबी जळते आहे हे एमसीबीला कळतच नाही. ते कळते आपल्या नाकाला, डोळ्याला आणि हाताला. जळक्या प्लास्टिकचा वास, पिवळा-तपकिरी पडलेला सॉकेट, हाताला गरम लागणारा प्लग, फुरफुरणारा खटका, मिणमिणणारा दिवा, ही त्याची लक्षणे. दिवसभर घरात वावरणारे नाक आपलेच असते. म्हणून मी म्हणते, हा विषय आपला आहे.

आता तारांची ओळख. घरात तीन तारा येतात. एक फेज, म्हणजे जिच्यातून वीज येते. एक न्यूट्रल, जिच्यातून ती परत जाते. तिसरी अर्थिंगची, जी नेहमी रिकामी असते आणि संकटात धावून येते. घरातल्या वायरिंगमध्ये आपल्याकडे बहुतेक ठिकाणी फेज लाल, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी असते. उपकरणाबरोबर येणाऱ्या लवचिक दोरीत मात्र फेज तपकिरी, न्यूट्रल निळी आणि अर्थिंग हिरवी-पिवळी पट्ट्यांची असते. एक खबरदारी घ्यावी. ज्या घरात तीन फेज येतात तिथे भिंतीतली निळी तार ही फेज असू शकते. म्हणून भिंतीतल्या तारेच्या रंगावर कधीही विसंबू नये, टेस्टर लावून पाहावे. आणि टेस्टरही आधी चालू सॉकेटवर लावून तो पेटतो की नाही याची खात्री करून घ्यावी. बिघडलेला टेस्टर सगळीकडे "वीज नाही" असेच सांगतो.

प्लग जोडण्याची रीत सांगते. प्लग भिंतीतून काढून हातात घ्यावा, मगच उघडावा. आत एल, एन, ई अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. एल म्हणजे फेज, एन म्हणजे न्यूट्रल, ई म्हणजे अर्थिंग. ई ची पिन सर्वांत लांब आणि जाड असते, कारण प्लग खोचताना तिने आधी लागावे आणि काढताना शेवटी सुटावे अशी योजना आहे. भिंतीवरच्या सॉकेटकडे तोंड करून उभे राहिले तर वरचे मोठे भोक अर्थिंगचे, उजव्या हाताचे फेजचे आणि डाव्या हाताचे न्यूट्रलचे असावे.

तार सोलताना टर्मिनलमध्ये जेवढी मावेल तेवढीच सोलावी. सुरी आतल्या तांब्याला लागू देऊ नये. खाच पडलेली तार तिथेच तुटते. आतले केसासारखे धागे भोकात मावत नाहीत म्हणून चार धागे कापून टाकतात, ते तर कधीच करू नये. चार धागे कापले म्हणजे तेवढी तार बारीक झाली, आणि बारीक तार तापणारच. सुईत दोरा ओवताना आपण टोकाला पीळ देतो, तसाच या धाग्यांना पीळ द्यावा. एकही धागा बाहेर राहता कामा नये. बाहेर राहिलेला एक केस शेजारच्या पिनेला टेकला की ठिणगी. भोक मोठे आणि तार बारीक असेल तर टोक दुमडून दुहेरी करावे. टोकाला कथील लावून मग स्क्रूखाली दाबण्याची काहींना सवय असते. दिसायला ते छान दिसते, पण कथील मऊ असते. दाबाखाली ते हळूहळू पसरते आणि काही महिन्यांत स्क्रू सैल पडतो.

जिथे तार स्क्रूच्या डोक्याखाली गुंडाळायची असते, तिथे वेढा उजवीकडे, म्हणजे स्क्रू ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने द्यावा. उलटा दिला तर आवळताना तार बाहेर फेकली जाते. तारेचे प्लास्टिकचे कवच टर्मिनलपर्यंत यावे, पण स्क्रूखाली दबू नये. उघडे तांबे बाहेर दिसू नये. स्क्रू आवळला की तार हलकेच ओढून पाहावी, आली तर पुन्हा करावे. अर्थिंगची तार आत इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे कोणी दोरी हिसकली तर ती सर्वांत शेवटी तुटेल. आणि दोरीची पट्टी प्लगमधल्या चापाखाली नक्की आवळावी, म्हणजे ओढ चापावर येईल, टर्मिनलवर येणार नाही. आपणही प्लग काढताना दोरी ओढू नये, प्लग धरून काढावा. मुलांना हे एकदा सांगून भागत नाही, रोज सांगावे लागते.

आता आपल्या घरोघरच्या खोडी सांगते. राग मानू नका, त्या माझ्याही होत्या. पहिली, सोललेल्या तारा तशाच सॉकेटमध्ये खुपसून आगपेटीची काडी ठोकणे. गणपतीच्या आणि लग्नाच्या रोषणाईला हे सर्रास चालते. दुसरी, दोन तारांना पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळणे. उन्हाने पट्टीचा गोंद सुटतो आणि पीळ उघडा पडतो. तारेच्या मधल्या वाटेवर असा पिळाचा जोड देऊ नये, जोड लागलाच तर तो डबीत आणि योग्य कनेक्टरने द्यावा, असे भारतीय मानक आयएस ७३२ मध्ये सांगितलेले आहे. तिसरी, १६ अँपिअरचे उपकरण, म्हणजे गिझर किंवा मोठी शेगडी, ६ अँपिअरच्या लहान सॉकेटवर जोड-प्लग लावून चालवणे. ६ अँपिअरचा सॉकेट जेमतेम १३८० वॅट पेलतो. दिव्या-पंख्याला १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार चालते, पण १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ किंवा ४ ची लागते. आणि चौथी खोड माझी, हिरवी तार कापणे.

तुम्ही म्हणाल, हे नियम कोणी केले? हे नियम नवे नाहीत. आपल्या देशात विजेचा कायदा १९१० साली आला, विजेचे नियम १९५६ साली झाले आणि सध्याचा कायदा २००३ चा आहे. त्याखालचे सुरक्षेचे नियम २०१० साली झाले आणि २०२३ साली नव्याने आले. १९४७ साली भारतीय मानक संस्था निघाली, तीच १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो म्हणून ओळखली जाते. तिने वीजजोडणीची राष्ट्रीय संहिता १९८५ साली प्रसिद्ध केली आणि पुढे २०११ व २०२३ साली सुधारली. वस्तूवर आपण आयएसआयचा शिक्का पाहतो तो याच संस्थेचा. कुकर घेताना आपण तो शिक्का शोधतो, मग तार आणि प्लग घेताना पाच-दहा रुपयांसाठी का सोडावा?

जुन्या घरांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण आपल्या गावात जुनी घरे पुष्कळ आहेत. तांबे महाग आणि दुर्मिळ होते त्या काळात अनेक घरांत लाकडी पट्ट्यांवरून अ‍ॅल्युमिनिअमची तार फिरवली गेली. अमेरिकेतही १९६५ च्या सुमारापासून पुढची काही वर्षे असेच झाले. तिथे २८ एप्रिल १९७४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हॅम्प्टन बेज या गावी एका घराला आग लागून दोन माणसे गेली. कारण काय, तर सॉकेटपाशी अ‍ॅल्युमिनिअमच्या तारेचा सदोष जोड. नंतरच्या तपासणीत असे आढळले की, १९७२ पूर्वी अ‍ॅल्युमिनिअमचे वायरिंग केलेल्या घरांत जोड आगीच्या धोक्याइतका तापण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट आहे. तार मधल्या वाटेवर तापत नाही, टोकाला तापते. अ‍ॅल्युमिनिअम स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकते आणि त्यावर पटकन पूट चढते, ते पूट वीज नीट जाऊ देत नाही. म्हणून पांढरी तार आणि तांब्याची तार यांना थेट पीळ देऊन कधी जोडू नये. ज्यांच्या घरात अजून पांढऱ्या तारा आहेत त्यांनी जाणत्या माणसाकडून सगळे जोड तपासून घ्यावेत. जमले तर वायरिंगच बदलावे.

आता आपली हद्द कुठे, हेही सांगितले पाहिजे. उपकरणाचा प्लग हातात घेऊन तपासणे आणि बदलणे एवढे आपण शिकावे. बोर्ड उघडणे, मेन स्विचला हात घालणे, नवी जोडणी करणे, अर्थिंग घालणे ही कामे परवानाधारक माणसाची. ती त्याच्याकडूनच करून घ्यावीत. पण तो काम करतो तेव्हा आपण आत पोळ्या लाटत बसू नये. जवळ उभे राहून विचारावे, "दादा, हिरवी तार लावली का? स्क्रू आवळून तार ओढून पाहिली का?" विचारणारी बाई समोर असली की काम नीट होते, हा माझा अनुभव आहे. शक्य असेल त्यांनी मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. एवढीशी वीज वाट चुकली तरी तो क्षणात तुटतो. पण सैल स्क्रू त्यालाही कळत नाही, हे विसरू नये.

आणि कोणाला विजेने धरलेच तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडी वस्तूने त्याला दूर करा. मग १०८ ला फोन करा. आपल्या घरातला मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या दहा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असले पाहिजे. आज घरी गेल्यावर एवढे एक तरी करा.

शेवटी एकच सांगून पुरे करते. यंदाच्या आखाजीला माझी नणंद आली. मुलगी बारा वर्षांची झाली आहे, उंच झाली आहे. कूलर तोच. नणंद घरात आली, पिशवी खाली ठेवली आणि पाणी पिण्याआधी बोर्डापाशी गेली. तिने बटन बंद केले, प्लग काढला आणि उलटा करून पाहिला. तीन पिना. मी म्हटले, "उघडून पाहा. स्क्रू मी परवाच आवळले आहेत." तिने उघडला नाही. तसाच पुन्हा खोचला आणि मुलीला म्हणाली, "जा ग, बस वाऱ्याला. मामीने पाहिले आहे."

भगिनींनो, मला या आयुष्यात याहून मोठे प्रशस्तिपत्र नको. वर्षातून दोनदा, एकदा आखाजीच्या आधी आणि एकदा दिवाळीची झाडलोट करताना, घरातला प्रत्येक प्लग काढून पाहण्याचा नेम आपण सगळ्या मिळून करू या. कानातली फिरकी आपण रोज चाचपतो, ही फिरकी वर्षातून दोनदा चाचपावी, एवढीच माझी विनंती.